आधी परतवारी ठरवा!

बुलढाण्याहून सायकलवर कन्याकुमारीला जाणं वाटतं तितकं अवघड नाही. अंतर साधारण सतराशे किलोमीटर. रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर पायडल मारायची तयारी आणि पंक्चर काढायची अक्कल असली, की तीन आठवड्यांत तुम्ही समुद्रापाशी उभे असता. फोटो निघतो, स्टेटस पडतं, लाइक्स येतात. खरं अवघड ते त्यानंतरचं. संध्याकाळ झालेली असते, खिशात मोजके पैसे असतात, चार दिवसांनी इंटर्नल असते आणि शेजारी पंधरा-सोळा किलोची सायकल उभी असते. आता हिला घरी न्यायचं कसं?

कट्ट्यावर मोहिमेच्या गप्पा ऐका. कोणता रस्ता, कोणते टायर, कोणती जर्सी, रोज किती किलोमीटर, व्हिडिओ कोण काढणार, सगळ्यावर चर्चा होते. परतीचा विषय निघाला की मात्र एकच उत्तर असतं, ‘ते बघू रे तिथं गेल्यावर.’ माझं म्हणणं सरळ आहे. सायकल मोहिमेचं प्लॅनिंग शेवटाकडून करा. परत कसं यायचं, किती दिवसांत, किती पैशात, हे आधी कागदावर उतरलं पाहिजे आणि मगच नकाशा उघडला पाहिजे. विमानानं यायचं ठरलं तर हे दुप्पट खरं. विमानात सायकल ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणून चढत नाही.

शेगावची पालखी काय शिकवते?

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नव्यानं सांगायची गरज नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते आणि पायीच परत येते. जाणं-येणं मिळून दोनेक महिन्यांचा मामला. दिंडीत चालणाऱ्याला जातानाचा मुक्काम जसा माहीत असतो, तसा येतानाचाही. कोणत्या तारखेला कोणतं गाव, जेवण कुठं, रात्र कुठं, सगळं आधी ठरलेलं आणि जाहीर झालेलं असतं. विठ्ठलाचं दर्शन झालं म्हणजे वारी संपली असं तिथं कुणी धरत नाही. पालखी शेगावात पोहोचते तेव्हा ती संपते.

परतवारी हा शब्द आपल्याच भाषेत आहे, पण मोहिमा आखताना तो आपण विसरतो. कन्याकुमारीला पोहोचणं म्हणजे अर्धं काम. तुम्ही आणि तुमची सायकल धडधाकट घरच्या अंगणात आलात, की काम पूर्ण.

घरी परवानगी मागताना आईचा पहिला प्रश्न आठवा. ‘जाशील कशी’ असं ती क्वचितच विचारते. ती विचारते, ‘येशील कशी? कधी?’ आपल्याला वाटतं ती घाबरते आहे. घाबरत असेलही, पण प्लॅनिंगचा सगळ्यात नेमका प्रश्न तीच विचारत असते. ज्या मुलीकडं तारीख, तिकीट आणि बाजूला काढलेले पैसे असं उत्तर तयार असतं, तिला परवानगी मिळायची शक्यता वाढते. ‘विश्वास ठेव ना माझ्यावर’ या वाक्यापेक्षा परतीचं तिकीट जास्त पटतं.

विमानात सायकल टाकली तर मोहीम खोटी?

कट्ट्यावरचा एक आक्षेप नेहमीचा. सायकलवर गेलात तर सायकलवरच या, विमानानं आलात तर त्यात काय राहिलं? हा आक्षेप आपण निकालात काढू.

पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. तेव्हा तिचं वय जेमतेम वीस, म्हणजे तुमच्याच बरोबरीची. ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून जुलैत सुरुवात करून 159 दिवसांत 14 देश आणि सुमारे 29 हजार किलोमीटर. कॅनडात अस्वल मागं लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं लुटलं गेलं, रशियात थंडीत एकटीनं तंबूत रात्री काढल्या. डिसेंबरात ती कोलकात्याला पोहोचली, तेव्हा अंतराचा हिशोब पूर्ण झाला होता. पण प्रदक्षिणा पूर्ण व्हायची तर जिथून निघाली तिथंच पोहोचायला हवं. म्हणून शेवटच्या 15 किलोमीटरसाठी तिला विमानानं पुन्हा पर्थ गाठणं भाग होतं.

सायकलवरच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा गिनीजचा नियमच तसा आहे. किमान 18 हजार मैल, म्हणजे सुमारे 29 हजार किलोमीटर, सायकल चालवायची. विमान-जहाजासकट एकूण प्रवास पृथ्वीच्या परिघाएवढा, म्हणजे 40 हजार किलोमीटरच्या वर, भरला पाहिजे. दिशा एकच आणि सुरुवात-शेवट एकाच जागी. थोडक्यात, जगातली सगळ्यात मोठी सायकल सफर सुद्धा विमान गृहीत धरूनच आखलेली असते. समुद्रावर पायडल मारता येत नाही, एवढं साधं कारण.

त्याच्याही मागं जा. 1923 मध्ये मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यातल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ही सफर पुरी केली आणि 1928 मध्ये ते मुंबईत परतले. वाटेतले समुद्र त्यांनीही जहाजानंच ओलांडले. त्यांची सफर खोटी होती असं शंभर वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. अलीकडचं बघायचं तर नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू 2015 मध्ये आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण करून आले. सायकली विमानात घालूनच गेले असणार, दुसरा रस्ताच नाही.

तेव्हा लाजायचं कारण नाही. मात्र विमान कधी घ्यायचं आणि कधी नाही, हे नीट ठरवायला हवं.

पैशाआधी दिवस मोजा

आपल्या जिल्ह्यातल्या पोराचं कॅलेंडर पुण्या-मुंबईच्या पोरापेक्षा वेगळं असतं. दिवाळीची सुट्टी लागते त्याच सुमाराला सोयाबीनची सोंगणी, मळणी आणि कपाशीची वेचणी चालू असते. घरी दोन हात कमी पडत असताना सायकल घेऊन निघणं बहुतेकांना जमत नाही आणि जमू नये. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा वेगळ्याच, शिवाय पंच्याहत्तर टक्के हजेरीची भानगड. मग हाती उरतात परीक्षा संपल्यावरचे वीस-बावीस दिवस. त्यात जाऊन यायचं.

परतीला रेल्वे घेतली तर काय होतं ते बघा. कन्याकुमारीहून आपल्याकडं यायला बहुतेक वेळा मध्ये गाडी बदलावी लागते. सायकल डब्यात नेता येत नाही. ती पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेक व्हॅनमध्ये टाकावी लागते आणि तिचं वेगळं भाडं भरावं लागतं, कारण मोफत सामानाच्या सवलतीत सायकल बसत नाही. तुमची गाडी आणि सायकलची गाडी एकच असेल, याचीही खात्री नसते. शेगावला किंवा मलकापूरला गाडी थांबते मोजकी मिनिटं. तेवढ्यात सायकल उतरली तर ठीक, नाहीतर ती पुढच्या स्टेशनावर. आणि मलकापूरला उतरलात तरी बुलढाणा अजून वर आहे. राजूर घाट चढायचा बाकीच असतो. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा इथल्या पोरांच्या गावाला तर रेल्वेच नाही.

तरीही रेल्वे वाईट नाही. हातात चार दिवस मोकळे असतील तर रेल्वेनंच या. स्वस्त पडते, धूरही कमी होतो. पर्यावरणाची पाटी सायकलला लावून निघालेल्यानं तर हा विचार करावाच. विमान घ्यायचं ते दिवस खरोखर संपत असतील तेव्हा. उद्या आमच्या ग्रुपमध्ये कुणी म्हणालं, ‘विमानानं येऊ, भारी वाटेल’, तर मी त्याला गप्प बसवीन. कुणी म्हणालं, ‘विमानानं आलो तर तीन दिवस वाचतात आणि त्यात मोहीम अडीचशे किलोमीटर लांबते’, तर मी पुढचा हिशोब मांडायला बसेन.

हिशोब असा मांडा

देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटात साधारण 15 किलो चेक-इन सामान आणि 7 किलो हातातली बॅग धरलेली असते. आता तुमचं वजन मोजा. सायकल 15 किलो, खोका आणि पॅकिंग 4 किलो, कपडे-अवजारं-पथारी 9 किलो. झाले 28. यातलं 6 किलो हातातल्या बॅगेत गेलं तरी 22 उरतात, म्हणजे 7 किलो जादा. जादा किलोला समजा 500 रुपये दर धरला तर साडेतीन हजार. काही कंपन्या सायकलला खेळाचं साहित्य मानून वेगळं ठरावीक शुल्क लावतात, काही नुसतं वजन बघतात. दर आणि नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या-त्या कंपनीचे नियम वाचा आणि कस्टमर केअरला फोन करून विचारा. एक मात्र पक्कं समजा, जादा वजनाचे पैसे आधी ऑनलाइन भरले तर सहसा स्वस्त पडतात. काउंटरवर उभं राहून भरायचे म्हणजे खिशाला कात्री.

मग विमानतळ. बुलढाण्याला सगळ्यात सोयीचा छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ, रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आसपास. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरूनही एप्रिल 2025 पासून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, पण तिथं उतरतं ते सत्तरेक आसनांचं एटीआर विमान. अशा छोट्या विमानात सामानाची जागा कमी असते. सायकलचा लांबलचक खोका ते घेतील की नाही, हे आधी लेखी विचारून ठेवावं. तिकीट परवडलं म्हणून काढलं आणि खोका विमानतळावरच राहिला, तर सगळंच मुसळ केरात.

कन्याकुमारीला विमानतळ नाही. तिथून तिरुवनंतपुरम साधारण नव्वद किलोमीटर, म्हणजे आणखी एक दिवस पायडल. तिथून संभाजीनगरला यायला मध्ये विमान बदलावं लागतं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. म्हणजे सायकल थेट शेवटच्या विमानतळाला टॅग होते. वेगवेगळी तिकिटं घेतली तर मधल्या विमानतळावर खोका उतरवायचा, पुन्हा रांग लावायची, पुन्हा जादा वजनाचे पैसे भरायचे.

ही सगळी बेरीज करून जो आकडा येईल, ते पैसे निघण्याआधी वेगळे काढा. घरी आईजवळ ठेवा नाहीतर दुसऱ्या खात्यात टाका, पण वाटेत हात लागता कामा नये. वाटेतलं पंक्चर, आजारपण, एखाद्या रात्रीची लॉज यासाठी दुसरी रक्कम. परतीच्या पैशातून बिर्याणी खायची नाही, एवढा एक नियम ग्रुपनं पाळला तरी अर्ध्या मोहिमा सुखरूप घरी येतील.

खोका ही एक कला आहे

सायकल पॅक करायला महागडी बॅग लागत नाही. नवीन सायकली दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात. दुकानदार ते खोके रद्दीत टाकतो, मागितले तर देतो. परतीच्या शहरातल्या एखाद्या दुकानाला आठ दिवस आधी फोन करून खोका राखून ठेवायला सांगा. विमानतळाजवळ लॉज घ्या आणि एक अख्खी संध्याकाळ पॅकिंगला ठेवा. फ्लाइटच्या दिवशी सकाळी पॅक करू म्हणणारा माणूस चेक-इनला घामाघूम पोहोचतो.

उघडण्याआधी प्रत्येक सांध्याचा मोबाइलवर फोटो काढा. सीटच्या नळीवर टेपनं खूण करा, म्हणजे उंची परत तीच बसते. पायडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. सोपी खूण म्हणजे पाना वर धरून मागच्या चाकाकडं ओढला की दोन्ही पायडलं सैल होतात. हॅन्डल सोडवून फ्रेमला समांतर बांधा. पुढचं चाक काढून फ्रेमच्या बाजूला लावा आणि मध्ये पुठ्ठा घाला. चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा अडकवा, म्हणजे वर वजन पडलं तरी ती दबत नाहीत. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठा सारा आणि चाक नसताना ब्रेक दाबू नका. मागचा गियर, म्हणजे डिरेलर, फ्रेमपासून सोडवून आतल्या बाजूला बांधा. सगळ्यात आधी मोडतं ते तेच.

टायरमधली हवा काढायला सांगतात, ती काढा, पण पूर्ण नको. अनेकांना वाटतं वर गेल्यावर टायर फुटतो. प्रवासी विमानाच्या सामानाच्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो. जमिनीच्या तुलनेत तो कमी असतो, पण टायरच्या दृष्टीनं फरक जेमतेम चार पीएसआयचा. निम्मी हवा ठेवली तर नियमही पाळला जातो आणि खोका आपटला तर रिमला उशी राहते.

पॉवर बँक आणि सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या खोक्यात कधीच टाकू नका, त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. उलट पाने, अॅलन की, चाकू हे सगळं खोक्यात. स्टोव्हचं गॅसचं नळकांडं विमानात कुठंच चालत नाही. चेन साफ करायचा स्प्रे आणि हवेची सीओटू काडतुसं यांच्यावरही सिक्युरिटीला हरकत येते, म्हणून ती तिथंच एखाद्या सायकलवाल्याला देऊन टाका. इलेक्ट्रिक सायकलची मोठी बॅटरी प्रवासी विमान घेत नाही, तेव्हा ई-सायकलवाल्यांनी विमानाचा विचार सोडूनच द्यावा.

काउंटरवर कधीकधी ‘लिमिटेड रिलीज’ नावाचा टॅग सही करायला देतात. त्याचा अर्थ, पॅकिंगमुळं काही मोडलं तर कंपनी जबाबदारी घेणार नाही. वाचून सही करा. उतरल्यावर सायकल तपासायची ती आगमन कक्षातच. काही मोडलं असेल तर तिथंच काउंटरवर तक्रार नोंदवून कागद घ्यायचा. बाहेर पडल्यावर तुमचं कुणी ऐकत नाही.

आणि मग शेवटचे दीडशे किलोमीटर

चिकलठाणा विमानतळ जालना रोडवरच आहे. म्हणजे खोका उघडा, हॅन्डल सरळ करा, पायडल बसवा, दोन्ही ब्रेक दाबून बघा, हवा भरा आणि जालन्याकडं वळा. तोंड घराकडंच आहे. संध्याकाळी उतरलात तर जालन्यापर्यंतही जाऊ नका, मुक्काम शहरातच करा. रात्री या रस्त्यावर ट्रकांच्या बरोबरीनं सायकल चालवणं हे धाडस नाही, मूर्खपणा आहे. सकाळी निघून जालना, देऊळगाव राजा, चिखली आणि बुलढाणा, दोन दिवसांत निवांत होतं. मोबाइलच्या नकाशानं समृद्धी महामार्ग दाखवला तरी तिकडं फिरकू नका. तो आपल्या जिल्ह्यातूनच जातो, पण दुचाकीला तिथं परवानगी नाही, सायकलला तर नाहीच नाही.

विमानानं येऊनही घरात सायकलवरच शिरायचं. विमानानं आल्याचा कमीपणा ज्यांना वाटतो त्यांच्यासाठी हा उतारा आहे.

उलटी मोहीम का नको?

पैसे फारच कमी असतील तर आणखी एक रस्ता आहे. मोहीमच उलटी करा. सायकल घेऊन रेल्वेनं आधी लांब जा आणि तिथून घराकडं सायकल चालवत या. परतीची चिंता पहिल्याच दिवशी मिटते. रोज घर जवळ येतं, भाषा ओळखीची होत जाते, पैसे संपत आले तरी वाटेत कुणीतरी मामा-मावशी भेटतातच. आणि मध्येच गुडघ्यानं दगा दिला तर उरलेलं अंतर एखाद्या टेम्पोत बसून काटता येतं.

ज्यांनी अजून एकही मुक्कामी सफर केलेली नाही, त्यांनी जिल्ह्यातच सुरुवात करावी. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, पुन्हा चिखली आणि घर. दोनशे किलोमीटरच्या वरचा हा गोल तीन दिवसांत होतो. वाटेत उल्केच्या आघातानं तयार झालेलं लोणारचं सरोवर, जिजाऊंचं जन्मस्थान, आणि परतीचं भाडं शून्य. आल्यावर एका रविवारी मित्रांसमोर घड्याळ लावून सायकल खोक्यात भरा आणि पुन्हा जोडा. पहिल्यांदा तीन तास लागतील, तिसऱ्यांदा एक. ज्याला हे जमलं, तो विमानासाठी तयार झाला असं समजा.

कॉलेजनं काय करावं?

सगळी जबाबदारी पोरांवर टाकून चालणार नाही. जपानमध्ये सायकल सुटी करून पिशवीत भरली की ती रेल्वेच्या डब्यात सोबत नेता येते, तीही फुकट. त्याला तिथं ‘रिंको’ म्हणतात आणि त्यासाठीच्या पिशव्या दुकानात मिळतात. आपल्याकडं सायकल चालवा म्हणून भाषणं होतात, रॅल्या निघतात, पण तीच सायकल घेऊन गाडीत बसायला गेलात की ती अडगळ ठरते. पिशवीतल्या सायकलला प्रवासी गाड्यांत हक्काची जागा द्या, ही मागणी विद्यार्थ्यांनीच लावून धरली पाहिजे.

कॉलेजच्या हातात तर त्याहून सोपी गोष्ट आहे. जिमखान्यातून बॅट, नेट, कॅरमबोर्ड इश्यू होतो. तसे दोन मजबूत सायकल खोके, एक पान्यांचा संच आणि एक वजनकाटा ठेवला तर किती खर्च येईल? एका स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा नक्कीच कमी. मोहिमेला निघणाऱ्या ग्रुपकडून परतीचा प्लॅन लेखी घ्यावा आणि तो असेल तरच कॉलेजचं पत्र द्यावं. एवढी एक अट मुलांना लेक्चरपेक्षा जास्त शिकवून जाईल.

मोहीम म्हणजे अंगातली रग जिरवणं, असा आपल्याकडं समज आहे. रग हवीच. पण सतराशे किलोमीटर पायडल मारणाऱ्याइतकंच कौतुक मला त्याचं वाटतं, ज्यानं निघण्याआधी परतीची तारीख घरी सांगितली, तिचे पैसे बाजूला काढले, आणि सांगितल्या दिवशी सायकल दारात लावली. पुढच्या वर्षी घरी परवानगी त्यालाच मिळते. त्याच्या मागच्या बॅचलाही मिळते. आणि त्याच्या बहिणीलाही.